‘थंयसर’ म्हणजे नेमकं कुठे

कोकणात होडी किनाऱ्याला लागली की ‘काय मिळालं?’ हे विचारलेलं चालतं, कारण ते टोपलीत दिसतंच. ‘कुठे मिळालं?’ विचारलं की तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, पश्चिमेकडे हात करतो आणि म्हणतो, ‘थंयसर.’ म्हणजे तिथे. त्या थंयसरमध्ये अख्खा अरबी समुद्र मावतो. पाणी किती वाव खोल, खडकाच्या कुठल्या अंगाला, ओहोटी लागल्यावर किती वेळाने, हे सगळं त्या एका शब्दामागे झाकलेलं असतं. पूर्वी डोंगराचं टोक आणि देवळाचा कळस एका रेषेत आणून जागा धरायचे, आता जीपीएसच्या सेटमध्ये पॉइंट साठवतात. साधन बदललं, झाकणं तेच राहिलं.

त्यामुळे ‘प्रायव्हसी वगैरे शहरातल्या लोकांची खुळं’ असं कुणी म्हटलं की हसू येतं. सामायिक सातबारा, मुंबईकर भावाचा हिस्सा, बागेचा व्यापाऱ्याशी ठरलेला भाव, यातलं काय कुणासमोर बोलायचं याचा हिशेब इथल्या माणसाला शिकवावा लागत नाही. पण तोच माणूस सेवा केंद्रात आधारची प्रत, पॅनची प्रत, पासबुकाचं पहिलं पान आणि वर अंगठा देऊन येतो आणि कशाला घेतलं हे विचारत नाही. समोर ओळखीचा माणूस असला की आपण सावध असतो. समोर खिडकी आली की सगळं सरकवून मोकळे होतो. डिजिटल हक्कांचं काम कोकणात करायचं तर ते या खिडकीपाशी करावं लागतं, आणि त्यातला बराचसा भाग अर्ज, पोच आणि जावक क्रमांक यांचाच असतो. भाषणाला त्यात फार जागा नाही.

ट्रान्सपॉन्डरचंच घ्या. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला वाढवण बंदराची पायाभरणी झाली, त्याच कार्यक्रमात मासेमारी नौकांवर ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या देशव्यापी योजनेचाही प्रारंभ झाला. यंत्रणा इस्रोची, राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश मिळून १३, नौका १ लाख, खर्च सुमारे ३६० कोटी रुपये. किनारा मागे पडला की मोबाइलची रेंज जाते. हा डबा उपग्रहामार्फत बोलतो, म्हणून वादळाचा इशारा समुद्रात पोचतो आणि बुडणाऱ्या नौकेची हाक किनाऱ्यावर येते. २००९ च्या नोव्हेंबरातलं फयान वादळ ज्याने पाहिलंय तो या डब्याला नाही म्हणणार नाही, आणि म्हणूही नये.

मात्र जो डबा हाक पोचवतो तो नौका कुठे आहे हेही पोचवतो. एका फेरीचा माग म्हणजे नकाशावरची एक वेडीवाकडी रेघ, तिच्यात काही विशेष नसतं. एका हंगामाचे माग एकावर एक ठेवले की मात्र जिथे नौका पुन्हा पुन्हा मंदावते ते ठिपके गडद होत जातात. ती तांडेलाची आयुष्यभराची जागा. ती फोडायला कुणाचा दुष्ट हेतू लागत नाही. देखभालीच्या कंत्राटदाराकडे कामाला असलेल्या कुणा मुलाने पाठवलेला एक स्क्रीनशॉट पुरतो.

इथे कायदा किती कामाला येतो? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याला ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. तो संरक्षण देतो ते ओळखू येणाऱ्या व्यक्तीच्या माहितीला. नौका एखाद्या नाखव्याच्या नावावर असेल तर तिचा माग ही त्याची वैयक्तिक माहिती ठरते. हीच नौका मच्छीमार सहकारी संस्थेच्या नावावर असेल तर संस्थेला या कायद्यात तसा हक्क नाही. तिथे चालवणाऱ्या तांडेलाच्या नावाने बाजू मांडावी लागेल. शिवाय कलम ७ खाली सरकारला अनुदान, लाभ, परवाना देण्यासाठी माहिती वापरायला वेगळी संमती लागत नाही. कलम १७ खाली सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशी कारणं देऊन केंद्र आपल्या यंत्रणांना जवळजवळ पूर्ण सूट देऊ शकतं. आणि किनारपट्टीवर ‘सुरक्षा’ हा शब्द हलका नाही. २६ नोव्हेंबर २००८ चे हल्लेखोर ‘कुबेर’ नावाची मच्छीमार नौका पळवून तिच्यातून आले होते. त्यानंतर कोळ्यांना बायोमेट्रिक ओळखपत्रं द्यायचं ठरलं, ते कुणाला खटकलं नाही.

म्हणून ‘डबा नको’ अशी मागणी करण्यात अर्थ नाही. संस्थेच्या सभेत ठराव करून चार गोष्टी लेखी मागता येतात: माग कोणत्या कामासाठी घेतला जातो, तो पाहण्याचा अधिकार कोणत्या पदांना आहे, किती दिवसांनी पुसला जातो, आणि संशोधन किंवा व्यापारासाठी कुणाला द्यायचाच तर एकेका नौकेचा न देता ठोकळ करून दिला जाईल का. ठरावाची प्रत जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांना द्यायची. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. तोंडी ‘हो हो, बघतो’ यावर घरी येऊ नये.

आता यातली खरी गाठ. हीच संस्था एलईडी दिवे लावून आणि मोठी पर्ससीन जाळी टाकून मासे धरणाऱ्यांविरुद्ध दर हंगामात ओरडत असते. सागरी मासेमारीचं नियमन करणारा राज्याचा कायदा १९८१ चा, त्यात २०२१ मध्ये दंड वाढवणारी सुधारणा झाली. कोणती नौका कोणत्या तारखेला कुठल्या पाण्यात होती, हे पारंपरिक मच्छीमाराला हवं असतं. मग आपला माग झाकायचा आणि दुसऱ्याचा उघडा मागायचा, हा दुटप्पीपणा नाही का? माझ्या मते नाही. रोज कुठे मासे धरतो ही धंद्याची गोष्ट. नियम मोडल्यावर खात्याने काय केलं हा सरकारी कारभार. पण माहिती अधिकाराचा अर्ज लिहिताना ही रेघ आपल्याला आखावी लागते. ‘अमक्या नौकेचा माग द्या’ असं लिहिलं तर नकार येईल आणि तो रास्तही असेल. ‘१ ऑगस्टपासून आजपर्यंत नोंदवलेल्या प्रकरणांची यादी, नौकेचा नोंदणी क्रमांक, कलम, दंडाच्या आदेशाची प्रत’ असं मागितलं तर ते खात्याच्या कामाचं दप्तर होतं.

होतं, असं म्हणायचं. कारण अलीकडे ही वाटही अरुंद झाली आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मध्ये पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारायला अट होती: त्या माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नसला पाहिजे, किंवा ती दिल्याने एखाद्याच्या खासगी आयुष्यावर विनाकारण घाला येत असला पाहिजे. त्यातही व्यापक जनहित असेल तर ती द्यावीच लागे. जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असं वाक्यही तिथे होतं. डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ४४(३) ने हे सगळं खोडून तिथे एवढंच ठेवलं: वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम अधिसूचित झाले तेव्हा हा बदल लगेच लागू झाला. कंपन्यांनी आणि कार्यालयांनी आपली माहिती नीट सांभाळावी या मुख्य जबाबदाऱ्यांना मात्र १८ महिन्यांची मुदत मिळाली. म्हणजे आपल्या माहितीला कुलूप यायच्या आधी दप्तराला कुलूप लागलं. खासगीपणाच्या नावाने हे झालं याचा राग खासगीपणासाठी भांडणाऱ्यांना सगळ्यात जास्त यायला हवा. माहिती अधिकारवाले आणि डेटा हक्कवाले हे दोन गट या एका कलमावर एकत्र आले, ते बरं झालं.

तरी कलम ८(२) अजून जागेवर आहे. माहिती उघड करण्यातलं जनहित त्यातून होणाऱ्या हानीपेक्षा मोठं असेल तर ती देता येते, असं ते सांगतं. पूर्वी हे जनहित अधिकाऱ्याने शोधायचं होतं. आता आपण अर्जातच लिहावं, आणि दोन ओळींत लिहावं. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांचा असावा लागतो. जोडपत्र ‘अ’, वर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क माफ, पण दाखल्याची प्रत जोडावी लागते.

अर्ज फसतात ते बहुतेक ‘का’ या शब्दामुळे. ‘गावात कॅमेरे का बसवले?’ याला ‘आपण मागितलेली बाब माहितीच्या व्याख्येत बसत नाही’ असं एका ओळीचं उत्तर येतं आणि तीस दिवस वाया जातात. कायदा कागद देतो, खुलासा देत नाही. त्याऐवजी कागदाचं नाव घ्यायचं: कार्यादेशाची प्रत, कंत्राटदाराशी झालेला करारनामा, ज्या शासन निर्णयाखाली खर्च झाला त्याचा क्रमांक आणि दिनांक, चित्रण किती दिवस ठेवायचं याबद्दलचा लेखी आदेश, चित्रण कुणाला दाखवलं याची नोंदवही. शेवटच्या दोन मागण्यांना ‘अशी माहिती या कार्यालयात उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं तर निराश होऊ नये. पकड त्याच उत्तराने मिळते. आदेशच नाही, नोंदवहीच नाही, हे सही-शिक्क्यानिशी कबूल झालं की पुढचा ठराव, बातमी, याचिका त्यावर उभी राहते. दिल्लीतली इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनसारखी संस्था न्यायालयात किंवा संसदेच्या समितीपुढे बोलते तेव्हा तिला गरज असते ती असल्याच कागदांची, आणि ते तालुक्याच्या ठिकाणीच मिळतात.

कलम ८(१)(घ), व्यापारी गुपित, हे कारण कराराच्या प्रतीला हमखास लावलं जातं. तेव्हा दर आणि तांत्रिक आराखडा सोडून उरलेला करार द्या, कलम १० खाली तसं वेगळं करून देता येतं, असं अपिलात लिहावं. पहिलं अपील नकार मिळाल्यापासून, किंवा उत्तरच आलं नाही तर मुदत संपल्यापासून, ३० दिवसांत. त्याला २० रुपयांचा स्टॅम्प. दुसरं अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे. आपल्याकडचं कोकण खंडपीठ नवी मुंबईत आहे आणि तिथली रांग लांब असते, हे धरूनच चालावं. पोस्टाने पाठवायचं तर स्पीड पोस्टची पावती अर्जाच्या प्रतीलाच टाचावी. सुट्या पावत्या दोन पावसाळ्यांत कोऱ्या होतात. थर्मल कागदावरची छपाई कोकणच्या दमटपणात टिकत नाही. पावतीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला तर बरं.

आता अंगठा.

वेंगुर्ल्याच्या बाजूला काजूच्या कारखान्यात बी फोडणाऱ्या बायकांचे हात पाहिलेत? टरफलातलं तेल कातडं जाळतं. राख किंवा तेल चोळून काम करतात तरी बोटांची टोकं काळी पडून सोलवटतात. कोळंबी सोलणाऱ्या बायकांचं तसंच: बर्फ, खारं पाणी, कवचाचे काटे. या बोटांवर रेषा उरत नाहीत. रेशन दुकानातल्या ई-पॉस यंत्राला मात्र रेषाच हव्या असतात. ‘मावशी, बोट पूस नि परत ठेव गो,’ असं दुकानदार तीनदा म्हणतो, चौथ्यांदा ‘उद्या ये’ म्हणतो. उद्याचा दिवस म्हणजे एका दिवसाची मजुरी.

इथे नियम त्या बाईच्या बाजूने आहे. अंगठा जुळला नाही म्हणून धान्य नाकारू नये, दुसऱ्या ओळखपत्रावर द्यावं आणि त्याची वेगळी नोंद ठेवावी, अशा केंद्राच्या सूचना ऑक्टोबर २०१७ पासून आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालातही प्रमाणीकरण फसलं म्हणून कुणी वंचित राहू नये हे आलं आहे. दुकानात भांडण्यापेक्षा बचत गटाने मिळून तालुक्याच्या पुरवठा शाखेकडे गेल्या सहा महिन्यांच्या अपवाद नोंदवहीची प्रत मागावी. ती कोरी असेल तर एक तर तालुक्यातल्या सगळ्या बायकांचे अंगठे उत्तम आहेत, किंवा नोंदवही उघडलेलीच नाही.

अंगठ्याचा दुसरा धोका उलट्या बाजूचा आहे. आधारवर चालणाऱ्या बँक व्यवहारात आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोट एवढ्यावर पैसे निघतात. ओटीपी येत नाही, पिन लागत नाही. जमिनीच्या दस्तावर अंगठा आणि आधार क्रमांक दोन्ही असतात. अशा दस्तांच्या प्रतींवरून सिलिकॉनचे ठसे बनवून खाती रिकामी केल्याचे गुन्हे देशात अनेक ठिकाणी नोंदले गेले आहेत. आणि कोकणात जुन्या सामायिक जमिनींचे दस्त भरपूर.

उपाय म्हणजे बायोमेट्रिक लॉक, आधारवरच्या आपल्या ठशांना कुलूप. आधारच्या ॲपमध्ये किंवा संकेतस्थळावर ओटीपी टाकून दोन मिनिटांत होतं. पण लोक ते करतात आणि चार दिवसांनी काढून टाकतात, कारण लॉक असताना रेशनचं यंत्र ३३० क्रमांकाचा दोष दाखवतं आणि दुकानदाराला तो कळत नाही. लॉक न काढता तात्पुरतं उघडता येतं. ते दहा मिनिटांसाठीच असतं आणि मग आपोआप बंद होतं. तेव्हा रांगेत नंबर जवळ आल्यावर उघडावं, घरून उघडून निघू नये. ज्यांचा मोबाइल क्रमांक आधारला जोडलेला नाही किंवा मुंबईच्या मुलाचा जोडलेला आहे त्यांना हे काहीच करता येत नाही, म्हणून शिबिर घ्यायचं तर आधी क्रमांक अद्ययावत करण्याचं घ्यावं. आणि पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन, मग बँकेत लेखी तक्रार, तीन कामकाजाच्या दिवसांच्या आत. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक खातेदाराची किंवा बँकेची नसेल आणि तक्रार या मुदतीत असेल तर खातेदारावर भार येत नाही. चौथ्या दिवसापासून येऊ लागतो.

गणपतीला गावी यायचं म्हणजे वाडीच्या ग्रुपवर ‘गाडीसाठी सगळ्यांनी आधार टाका’ असा संदेश येतोच. संध्याकाळपर्यंत साठ जणांची कार्डं दीडशे जणांच्या मोबाइलमध्ये. तारकर्लीपासून हरिहरेश्वरापर्यंतच्या घरगुती निवासांतही तेच. पाहुणा येण्याआधी कार्डाचा फोटो व्हॉट्सॲपवर येतो आणि मालकाच्या गॅलरीत नातवंडांच्या फोटोंमध्ये वर्षानुवर्षं पडून राहतो. गाडीच्या आरक्षणाला नाव, वय आणि स्त्री-पुरुष एवढंच लागतं. पाहुण्याचं ओळखपत्र पाहून वहीत नोंद करता येते. प्रत घ्यायचीच तर फक्त शेवटचे चार आकडे दाखवणारं मास्क्ड आधार घ्यावं. आधारच्या संकेतस्थळावरून उतरवताना त्या पर्यायावर खूण करायची असते. उतरलेल्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. ज्या गावात सगळ्यांना सगळ्यांचं वय ठाऊक, तिथे त्याला पासवर्ड म्हणायचं केवळ रीत म्हणून. सेवा केंद्रातून उठताना त्या संगणकातल्या डाउनलोडच्या फोल्डरमधून आपली फाइल पुसायला सांगावं आणि बिघडलेली छपाई मागून घ्यावी. रद्दीचा पुढचा मुक्काम शेंगदाण्याच्या पुडीत असतो.

हे सगळं किरकोळ वाटेल. पण ऑनलाइन बोलण्याच्या हक्काचा देशातला एक मोठा निकालही आपल्याच पट्ट्यातून निघाला. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना मुंबई बंदबद्दलच्या फेसबुक पोस्टवरून अटक झाली. एकीने लिहिलं होतं, दुसरीने लाइक केलं होतं. त्यावरून एका विद्यार्थिनीने, श्रेया सिंघल यांनी, याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ, ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला गुन्हा ठरवणारं, रद्द झालं. इथवर बऱ्याच जणांना माहीत असतं. पुढचं कमी जणांना. रद्द झालेल्या कलमाखाली पोलीस ठाण्यांत वर्षानुवर्षं गुन्हे नोंदले जात राहिले, कारण निकालाची प्रत आणि ठाण्यातला फॉर्म यांची गाठच पडली नव्हती. पीयूसीएल या नागरी हक्कांच्या संघटनेने ते आकडे जमवून पुन्हा सर्वोच्च न्यायालय गाठलं. अखेर १२ ऑक्टोबर २०२२ रोजी, निकालानंतर साडेसात वर्षांनी, न्यायालयाला सांगावं लागलं की ६६अ खाली कुणावरही खटला चालवता येणार नाही. मला यात पहिल्या निकालापेक्षा ती साडेसात वर्षं मोठी वाटतात.

दुसरी एक गोष्ट कोकणाला इतरांपेक्षा जास्त ठाऊक आहे: जनसुनावणी. जैतापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पापासून बारसूच्या रिफायनरीपर्यंतच्या वादांनी इथल्या गावांना प्रकल्पाचा अहवाल मागायला शिकवलं. किमान ३० दिवसांची सूचना, अहवालाचा मराठीतला सारांश, इतिवृत्तात आपला आक्षेप आला की नाही ते तपासणं. २०२० मध्ये पर्यावरण परिणामांच्या अधिसूचनेचा मसुदा आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत द्या, असं दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं, तेही नागरिकाच्या याचिकेवरच. डेटाच्या बाबतीत अशी सुनावणी नाही. ३ जानेवारी २०२५ रोजी डेटा नियमांचा मसुदा आला, सूचना एका पोर्टलवर टाकायच्या होत्या, आणि किनाऱ्यावरच्या किती मच्छीमार संस्थांनी त्या टाकल्या असतील ते सांगायला नको. ज्या गावाला रिफायनरीचा अहवाल मराठीत मागता येतो त्याला ट्रान्सपॉन्डरचा करार मराठीत मागणं जड जाऊ नये.

डेटा संरक्षण कायद्यात त्यासाठी एक खुंटीही आहे. कलम ५(३) प्रमाणे माहिती घेताना द्यायची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचण्याचा पर्याय माणसाला मिळाला पाहिजे. त्या यादीत मराठीही आहे, कोकणीही. हे बंधन १८ महिन्यांच्या मुदतीनंतरचं, म्हणजे मे २०२७ च्या सुमाराचं. पण पतसंस्था, मच्छीमार संस्था, घरगुती निवास यांना तोवर थांबायची गरज नाही. सूचना एका पानात बसते: काय घेतो, कशासाठी घेतो, कुणाला देतो, कधी पुसतो, तक्रार कुणाकडे. नारळी पौर्णिमेच्या आधी संस्थेची बैठक होतेच. विषयपत्रिकेवर हा विषय ट्रान्सपॉन्डरच्या ठरावाला लागूनच घेतला, तर नौका पाण्यात जाईपर्यंत शिक्का मारलेली पोच फाइलला लागलेली असते.